फोटोखालचं नाव

नवऱ्याचा, कैलासचा डबा घेऊन मयुरी त्याच्या स्पेअर पार्टच्या दुकानात गेली तेव्हा काउंटरवर पेपर उलटा पडला होता, आणि उलट्या पेपरातही तिनं स्वतःला ओळखलं. आधी मूठ दिसली. डाव्या हाताची मूठ, अंगठा आत दाबून धरलेला. लहानपणी आई त्या मुठीवर चापट मारायची, अंगठा असा कोंडू नये म्हणायची. मग पुढे टाकलेला उजवा पाय, वाकलेले गुडघे, घोट्यावर दुमडलेली पँट, आणि पायांखालच्या चाकांच्या फळीला टेकलेली गंज हॉलच्या ओट्याची काळी कड. चेहरा नव्हता. टोपीची सावली नाकापर्यंत आली होती. तिनं डबा ठेवून पेपर सुलटा केला. फोटोखाली छापलं होतं : 'वर्धेच्या गंज हॉलवर पियुष, १९९८.' आत ट्रकचा कुठलासा पट्टा शोधत असलेला कैलास वाकल्या वाकल्याच म्हणाला, तुह्या भावाचा फोटो आला पाह्य, मी अजून दोन पेपर आनाले सांगतले. बाहेर जाम गावच्या चौरस्त्यावर एक ट्रक गिअर बदलत चढला आणि काउंटरची काच थरथरली. मयुरी 'हो' म्हणाली. आपण 'हो' म्हणालो हे तिला घरी परत येताना, अर्ध्या रस्त्यात जाणवलं.

हा फोटो तिला नवा नव्हता. वर्धेला बाबांच्या पूजेच्या सामानाच्या दुकानात तो बरीच वर्षं लटकत होता, उदबत्तीच्या पुड्यांमागे. येणाऱ्याजाणाऱ्याला बाबा, पुंडलिकराव, तो मानेनंच दाखवायचे. तेव्हा ती दुकानात गेली की त्या भिंतीकडे पाठ करून बसायची, आणि काही दिवसांनी पाठ करतो आहोत हेही विसरायला झालं. दुखऱ्या दाताच्या बाजूनं न चावण्याची सवय लागते तसं. घरातली गोष्ट घरात होती. आता ती जामपर्यंत आली होती, नवऱ्याच्या काउंटरवर, छापील अक्षरांत, आणि उद्या सगळ्या जिल्ह्यात त्या पेपरात पोहे बांधले जाणार होते. घरी सासू, शालूबाई, तूर निवडत बसली होती. तिलाही कुणीतरी आधीच सांगितलं होतं. तुहा भाऊ मोठा झाला वं, ती कौतुकानं म्हणाली. मयुरी तिच्यासमोर बसली आणि तूर निवडायला लागली, आणि निवडता निवडता तिच्या पोटऱ्या आपोआप ताठ झाल्या, जणू खाली जमीन नव्हतीच.

दगडावरून चाकं जातात तेव्हा त्यांचा खरखराट नडगीतून चढत दातांपर्यंत येतो. मग मागच्या पायाचा फटका बसतो, फळी उचलते, आणि तो आवाज एकदम तुटतो. आवाज तुटल्यानंतर आणि ओट्याची कड लागण्याआधी जे असतं, त्याला तिच्याजवळ कधीच शब्द नव्हता. सतराव्या वर्षी तो सापडला असता तरी सांगायचं कोणाला. ती फळी मुळात पियुषला मिळाली होती. सेवाग्रामला अभ्यासाला आलेला एक परदेशी पोरगा त्यांच्या वरच्या खोलीत राहायचा, संध्याकाळी रस्त्यावर त्या चाकांच्या फळीवरून फिरायचा, आणि गल्ली गोळा व्हायची. मयुरी खिडकीतून फक्त त्याचे पाय पाहायची. जाताना त्यानं स्केटबोर्ड पियुषला दिला, कारण देण्यासारखा मुलगा घरात तोच होता. पियुष पंधराचा. पहिल्याच दिवशी तो पडला, हनुवटी फुटली, टाके पडले, आणि बोर्ड जिन्याखाली गेला. तिथून तो मयुरीनं काढला. आधी गच्चीवर, कठडा धरून. गच्ची पुरेना तेव्हा रविवारी सकाळी गंज हॉलवर.

गंज हॉल वर्धेत कोणाला माहीत नाही असं नाही. शाळेच्या चित्रकला स्पर्धेत दर वर्षी त्याचेच घुमट काढायला देतात. कापसाच्या जुन्या व्यापाऱ्यांनी तो बांधला, आणि चारही बाजूंनी काळ्या दगडाचे ओटे केले. लिलावाची वाट पाहत कास्तकार त्यांवर पिढ्यान् पिढ्या बसले, आणि त्यांच्या बसण्यानं दगड असा झाला की हात ठेवला तर घसरावा. रविवारी तिथं फक्त कबुतरं असायची. ती पियुषची पँट घालायची, वेणी टोपीत कोंबायची, आणि बाबांच्या दुकानातलं मेणबत्तीचं थोटूक ओट्याच्या कडेवर घासायची. मेणानं कड आणखी गुळगुळीत होते हे तिचं तिलाच सुचलं होतं. किती वेळा पडली. ढोपरं सोलली की आईला सांगायची, ट्यूशनला जाताना सायकलवरून पडली. आई, देवकाबाई, हळद लावायची आणि तिच्या डोळ्यांत बघायची नाही. म्हणजे तिला माहीत होतं. आईला आधीपासून माहीत होतं हे मयुरीला फार उशिरा कळलं, आणि कळल्यावर आईवरचा राग कमी होण्याऐवजी वाढला.

प्रभाकरराव फोटोवाले कॅलेंडरसाठी हॉलचे फोटो काढायला म्हणून एका सकाळी आले होते. तिला ते दिसलेच नाहीत. ती ओट्यावर चढली, कडेवरून घसरली, उतरली, आणि आज पहिल्यांदा न पडता उतरलो याच्या आनंदात घरी गेली. त्या दिवशी तिनं दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. चार दिवसांनी तो फोटो स्थानिक पेपरात आला, खाली नाव नव्हतं, 'गंज हॉलवर अजब खेळ' एवढंच. बाबा पेपर घेऊन घरात आले. टोपी ओळखीची होती, पँट ओळखीची होती. त्यांनी विचारलं, हे कोन आहे. मयुरी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. सांगायचं तिच्या मनात होतं. भीती होती, पण भीतीच्या वर दुसरं काहीतरी चढलेलं होतं. पेपरात आपण आलो. तिनं श्वास घेतला, आणि देवकाबाई तव्यावरची पोळी उलटत म्हणाली, "कोन राह्यनार, आपला पियुष हाय."

बाबा हसले. तिनं मारासाठी अंग चोरलं होतं, आणि बाबा हसले. पियुषच्या पाठीवर त्यांनी थाप मारली, पोट्टं छुपं निघालं म्हणाले, आणि फोटोवाल्याकडून मोठी प्रत करून आणायला निघाले. पियुष तोंड उघडं ठेवून आईकडे पाहत राहिला. त्याची बिचाऱ्याची काही चूक नव्हती. त्या वेळी नव्हती. बाबा गेल्यावर आईनं मयुरीला जवळ बोलावलं आणि आवाज न चढवता सांगितलं, "तुहं लगन व्हायचं हाय. टोपी घालून दगडावर उड्या मारनारी पोट्टी कोन करीन? तोंड बंद ठेव." मग तिनं एक गरम पोळी मयुरीच्या ताटात वाढली, वर तुपाची धार सोडली. मयुरीनं ती खाल्ली. पुढे कितीतरी वर्षं ती या पोळीवर येऊन अडायची. ताट सारून उठता आलं असतं. पण भूक लागली होती, आणि तूप होतं.

त्यानंतर जे झालं ते तिनं स्वतःच केलं, कोणी सांगितलं नव्हतं. पियुषला शाळेत पोरं विचारायला लागली, करून दाखव म्हणायला लागली, आणि तो रडकुंडीला येऊन तिच्याकडे आला. ताई, मले शिकव, नाईतर इज्जत जाते. तिनं शिकवलं. रविवारी सकाळी त्याचं मनगट धरून ती ओट्याच्या बाजूनं धावायची. तो डावा पाय पुढे टाकायचा, ती उजवा, म्हणून तिला सगळं आरशात पाहिल्यासारखं उलटं करून सांगावं लागायचं. त्याला भीती वाटायची. भीती वाटली की तो हसायचा, आणि तिला त्याची माया यायची. हळूहळू त्याला जमलं. फार नाही, पण पाहणाऱ्याला पुरेल एवढं. मग आई म्हणाली, आता बस झालं, त्याचं तो पाहील. मयुरी गच्चीवरसुद्धा जाईनाशी झाली. तो पुण्याला इंजिनिअरिंगला गेला तेव्हा बोर्ड घेऊन गेला. त्याच उन्हाळ्यात जामचं स्थळ आलं. स्थळ चांगलं होतं. माणूस चांगला निघाला. कैलास दारू पीत नाही, हात उचलत नाही, आठवड्यातून एकदा हिंगणघाटहून जिलेबी आणतो. जया झाली तेव्हा पोरगी झाली म्हणून त्यानं तोंड पाडलं नाही. तक्रार करायला जागा नव्हती, आणि जागा नसलेली ती गोष्ट तिच्या अंगात कुठेतरी बसून राहिली. कधी भाकरी थापताना, कधी जयाला न्हाऊ घालताना तिचा मागचा पाय नकळत जमिनीवर फटका मारायचा, आणि काहीच उचलायचं नाही.

दुपारी तिनं घरी आणलेल्या पेपरात फोटोशेजारची मुलाखत वाचली. पियुषनं पुण्यात स्केटबोर्ड शिकवायची संस्था काढली होती, म्हणून ती घेतली होती. लहान गावातून आल्यामुळे आपण एकटेच शिकलो, असं त्यात होतं. पहाटे उठून एकटाच हॉलवर जायचो. ढोपरं फुटली की घरी सायकलवरून पडलो म्हणून सांगायचो. वडिलांच्या दुकानातली मेणबत्ती चोरून कडेला घासायचो. मयुरीनं ते वाक्य पुन्हा वाचलं. नाव घेतलं ते ठीक, नाव त्याला आईनं दिलं होतं. पण मेणबत्ती? सायकल? हे तर आईनं दिलं नव्हतं. हे त्यानं एकेक करून नेलं होतं, कुठल्याशा रात्री पुण्याच्या होस्टेलात मित्रांना सांगता सांगता, आणि प्रत्येक वेळी ते त्याच्या अंगाला जरा जास्त बसत गेलं होतं. तिला उकडायला लागलं. डिसेंबर होता, आणि तिच्या पाठीवरून घाम उतरत होता.

आईचा फोन आला. पेपर पाह्यला का, बाबाले किती आनंद झाला, आणि हॉलच्या समितीनं पियुषचा सत्कार ठेवलाय, तुमी सगळे येजो. मयुरी म्हणाली, आई, फोटो माझा आहे. मग देवकाबाई म्हणाली, आता त्याले काय करतं बाई, आता तुह्या लेकराची शाळा पाय. रात्रीची जेवणं व्हायच्या आधी मयुरीनं मागच्या अंगणात जाऊन पियुषला फोन लावला. तो खूश झाला, भाचीला विचारलं, दाजींना विचारलं. तिनं सरळ सांगितलं, तो फोटो तुझा नाही. पियुष जराही बिचकला नाही. अगं हो, तो एक फोटो तुझा असेल ताई, तेव्हा आपण दोघंही करायचो ना, म्हणाला. 'असेल' म्हणाला. ती म्हणाली, तू करत नव्हतास, तू फळी जिन्याखाली टाकली होतीस. तो शांतपणे, समजूतदारपणे ऐकत होता. पुण्याला गेल्यापासून त्याला असं ऐकता यायला लागलं होतं. शेवटी म्हणाला, तुला वाईट वाटलं असेल तर मी सत्काराच्या वेळी स्टेजवरून सांगतो, नक्की सांगतो. त्याचा आवाज खरा होता. तिला बरं वाटलं, आणि एवढ्यानं बरं वाटतं याची तिला किळस आली.

सत्काराच्या दिवशी सासूनं आपली हिरवी साडी तिला नेसायला दिली. दुपारी कैलासनं जीप काढली, जया खिडकीशी बसली. सगळा रस्ता मयुरी मनात पियुषची वाक्यं तयार करत होती. हा फोटो माझ्या बहिणीचा आहे. मला जे येतं ते तिनं शिकवलं. एवढंच. दोनच वाक्यं, एवढी तर पुढारीसुद्धा खरी बोलतात. हॉल रंगवला होता. ओट्यांना मात्र कोणी हात लावला नव्हता, दगड तसाच काळा चमकत होता. समोर मांडव, खुर्च्या, माईक. पियुषनं पुण्याहून त्याचे दोन विद्यार्थी आणले होते. ती पोरं ओट्यांवर उड्या मारून दाखवत होती, एक उडी पियुषनंही मारून दाखवली, आणि लोक टाळ्या वाजवत होते. मागे स्टेजवर तो फोटो लावला होता, माणसाएवढा मोठा करून. मयुरी त्याच्यासमोरच्या खुर्चीवर बसली. मूठ स्पष्ट दिसत होती. शेजारी आई बसली होती आणि तिनं आपला हात मयुरीच्या हातावर ठेवला होता, प्रेमानं की धरून ठेवायला, ते कळत नव्हतं.

समितीचे अध्यक्ष भैय्याजी पियुषबद्दल बोलले. शाल दिली, नारळ दिला. पुंडलिकरावांना स्टेजवर बोलावलं, त्यांना बोलता येईना, त्यांनी फक्त डोळे पुसले. मग पियुष उठला. तो चांगलं बोलला. गाव, माती, ही काळी कड. मग थांबला, खुर्च्यांमध्ये तिला शोधलं, आणि हसला. तो म्हणाला, "माझी ताई आज आली आहे. खूप लोकांना माहीत नसेल, पण लहानपणी तीसुद्धा माझ्यासोबत या ओट्यांवर यायची. तिनं मला फार साथ दिली." लोकांनी टाळ्या वाजवल्या. देवकाबाईनं हात दाबला. पियुष तिच्याकडे पाहत होता, कबूल केलेलं काम पार पाडल्यासारखा, आणि त्याच्या चेहऱ्यावर काहीही लपवलेलं नव्हतं.

ती उठली ते ठरवून नाही. आईचा हात सुटला एवढं कळलं. चपला खुर्चीखाली राहिल्या. ओट्याशी एका विद्यार्थ्याचा बोर्ड पडला होता, तो तिनं पायानं ओढला. निऱ्या उचलून कमरेला खोवल्या, पदर घट्ट बांधला. कोणीतरी हसलं, कोणीतरी 'अगं बाई' म्हणालं. उजवा पाय पुढे टाकला. अनवाणी पायाला फळीवर चिकटवलेला कागद खरखरीत लागला. एक रेटा, दुसरा रेटा, नडगीतून खरखराट चढला, दातांत आला, आणि तिनं मागचा पाय मारला. आवाज तुटला. किती थोडा वेळ. मग कड लागली, फळी वाकडी झाली, ती हातभर घसरली आणि खाली आली, चाकांवर आली, मग तोल गेला आणि तळहात दगडावर सोलत गेला. ती उठून उभी राहिली तेव्हा सगळा मांडव टाळ्या वाजवत होता. जया खुर्चीवर उभी होती. पियुष धावत आला, त्यानं तिला मिठी मारली. त्याचे डोळे भरले होते. माईक त्याच्या हातात तसाच होता. "विसरली नाही," तो सगळ्यांना सांगत होता, "पाहा, दहा वर्षांनी. हिला मीच शिकवलं होतं. सकाळी सकाळी हिचं मनगट धरून मी धावायचो."

मयुरीनं त्याच्याकडे पाहिलं. तो खोटं बोलत नव्हता. त्याला तसंच आठवत होतं. त्याच्या बोटांना एक मनगट आठवत होतं आणि ते मनगट कुणाचं हे केव्हाच बदलून गेलं होतं. चोर असता तर तिनं त्याची कॉलर धरली असती. पण त्याच्याजवळ चोरीचा मालच नव्हता, सगळं त्याचंच होतं. भैय्याजी म्हणाले, ताईंनीही दोन शब्द बोलावेत, आणि पियुषनं कौतुकानं माईक तिच्या हातात दिला. माईक तळहाताच्या रक्तानं चिकट झाला. ती म्हणाली, "तो फोटो माहा हाय. त्याच्यातली मी होती."

मग मांडव हसला. वाईट नाही, प्रेमानं हसला, घरातल्या भावंडांच्या भांडणाला हसतात तसा. भैय्याजी मोठ्यानं हसले. पियुषही हसला, तिच्या खांद्याभोवती हात टाकला आणि माईककडे वाकून म्हणाला, बरं बाबा, तूच होतीस. पुन्हा टाळ्या झाल्या. पुंडलिकराव हसता हसता रडत होते, दोन्ही लेकरं एका ठिकाणी पाहून. एकटी देवकाबाई हसत नव्हती. ती मयुरीकडे पाहत होती आणि तिचे ओठ घट्ट मिटलेले होते. मग कोणीतरी चहा आणला.

निघताना उन्हं कलली होती. जया मागच्या सीटवर झोपली. मयुरीनं हाताला रुमाल बांधला होता. सेवाग्रामचा फाटा गेला, शेतांतून ओल्या गव्हाचा वास येत होता, आणि कैलास एक शब्द बोलला नव्हता. हा रागावला असणार, सगळ्या गावासमोर बायकोनं निऱ्या खोवल्या, असं तिला वाटत होतं, आणि त्या रागाला उत्तर द्यायला ती तयार होऊन बसली होती. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. कैलासनं एका बैलगाडीला वाट दिली, गाडी पुढे काढली, मग समोर पाहतच म्हणाला, "तूच होती."

तिनं वळून पाहिलं.

"पियुष डावा पाय समोर टाकते," तो म्हणाला. "आज त्यानं उडी दाखवली तवा पाह्यलं मी. फोटोत उजवा हाय. तू चढली तवाबी उजवा." यंत्राची माणसं अशीच पाहतात, तिला वाटलं, कोणता भाग कुठं बसतो ते. तिच्या अंगातून काहीतरी खाली उतरलं. एवढ्या वर्षांत कोणीतरी नुसतं पाहिलं होतं. तिनं सांगितलं म्हणून नाही, ती रडली म्हणून नाही. पाहिलं, आणि ओळखलं. तिला त्याच्या दंडाला हात लावावासा वाटला. तिनं हात उचललाही.

"पन घरी इषय काढू नको," कैलास म्हणाला. "माह्या आईले उगाच कायले? पियुषचं नाव झालं, चार लोक आपल्याले विचारतात. आता जयाचंबी पाहा लागते पुढं."

तो हे मऊ आवाजात म्हणाला, काळजीनं. मग खिडकीची काच वर केली, तिला वारा लागत होता म्हणून. मयुरीनं उचललेला हात मांडीवर परत ठेवला. रुमालातून रक्त आलं होतं, ते तिनं सासूच्या साडीला लागू नये असं वळवलं. मांडवातल्या हसणाऱ्या लोकांचासुद्धा तिला इतका राग आला नव्हता.